हसण्याचं पाणी

मी गेली बारा वर्षं पॅड बनवते. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं, कारण अर्धवट ऐकून माणसं फार घोळ घालतात. शिवाजी पेठेतल्या आमच्या शेजारणीनं एकदा मुलाच्या दहावीच्या परीक्षेसाठी माझ्याकडे एक पॅड मागितलं होतं, चिमटा घट्ट असलेलं दे म्हणाली. मी तिला कारखान्यातलं एक पाकीट नेऊन दिलं. तिनं ते दारातच उघडलं, बघितलं, पदराखाली घेतलं आणि मला आत ओढून चहा पाजला. तेव्हापासून आमची मैत्री पक्की आहे.

कारखाना म्हणजे शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतली एक शेड, एक मोठं मशीन, दहा बायका आणि आमच्या मालकीणबाई. पॅडला तीन थर असतात. खाली पाणी न सोडणारा प्लॅस्टिकचा, मध्ये शोषणाऱ्या लगद्याचा आणि वर अंगाला लागणारा, मलमलीपेक्षा पातळ असा. सगळं जग मधल्या थराच्या मागे असतं, किती पितो, किती धरतो. माझं डोकं मात्र कायम वरच्या थरात. तो सपाट असला की ओला होऊन कातडीला चिकटतो, चालताना घासतो आणि मग बाईचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून त्यावर ठसा मारून उंचवटे आणि खाचा उठवायच्या. अंग उंचवट्यांवर टेकतं, ओल खाचांमधून खाली जाते. हे उंचवटे किती उंच, खाचा किती रुंद, कुठल्या दिशेला, हे ठरवायचं काम माझं. त्या नादात मी बाथरूमच्या फरशा, चपलांचे तळवे, बिस्किटं, सगळं बोट फिरवून बघते. नवरा म्हणतो, हिला ताजमहालात नेलं तर ही जिन्याच्या पायऱ्या चाचपत बसेल.

ठसे करून देतात ते उद्यमनगरातले एक मिस्त्री. पहिल्यांदा मी नक्षी घेऊन गेले तेव्हा त्यांना तो चपलेचा तळवा वाटला आणि त्यांनी विचारलं, "किती नंबरचा पाय?" काय आहे ते सांगितल्यावर त्यांनी पुढे कायम माझ्याशी छताकडे बघूनच व्यवहार केला. अजूनही ते त्याला "तुमचा तो माल" म्हणतात. पण हात असा की केसाइतकाही फरक होत नाही.

आता आईकडे येते, कारण ही गोष्ट तिची आहे.

आई शिरोळला राहते. वय सत्तरीचं, जन्म सगळा उसाच्या रानात गेला. तिला दोन गोष्टी उत्तम येतात, उसाला पाणी पाजणं आणि हसणं. हसायला लागली की थांबत नाही, पुढच्या माणसाच्या मांडीवर थापा मारते, डोळ्यांतून पाणी काढते आणि वर "बास करा रं" म्हणून दुसऱ्यांनाच दटावते. तिच्या तोडीची एकच बाई मला माहीत आहे, ती म्हणजे कुरुंदवाडची मावशी, तिची थोरली बहीण. आई तिला अक्का म्हणते. मावशी चेहरा अगदी कोरा ठेवून बोलते आणि समोरच्याला लोळवते. या दोघी एकत्र आल्या की घरातली पुरुषमाणसं आपणहून उठून बाहेर जायची, कारण पुढचा विषय आपणच असणार हे त्यांना ठाऊक असायचं.

तर गेली दोन वर्षं आई कुरुंदवाडला गेली नव्हती. कधी गुडघे, कधी ऊन, कधी एस्टीचे धक्के. गेल्या हिवाळ्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं आणि ती दोन महिने आमच्याकडे राहिली, तेव्हा मावशीही बघायला आली नाही. फोनवर दोन वाक्यं बोलली, तेवढंच. आईला ते फार लागलं. "सख्ख्या भनीचा डोळा कापला, तरी आली न्हाय," असं ती भाजी निवडतानासुद्धा म्हणायची. दोघींचं काहीतरी बिनसलंय, एवढं मी ओळखलं. पण बहिणींच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये, म्हणून मी गप्प राहिले. गप्प राहायला मला फार कष्ट पडतात, हे घरचे सांगतील.

मग एका सकाळी गॅलरीतल्या दोरीवर आईचा टॉवेल काढायला गेले, तर त्याच्याखाली जुन्या सुती लुगड्याच्या तीन घड्या वाळत घातलेल्या. कशाच्या घड्या आहेत हे मला सांगायला नको. सत्तराव्या वर्षी रक्त जाणं म्हणजे चांगलं लक्षण नव्हे. मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, "आई, रक्त जातंय व्हय गं?"

"हळू बोल की, जावई हाईत घरात."

"ते अंघोळीला गेलेत. सांग."

तिनं लसणाची पाकळी सोलून पूर्ण केली. मग म्हणाली, "रगत न्हाय. पाणी जातंय. खोकलं की थोडं, हसलं की सगळं."

"कवापासनं?"

"झाली की दोन वर्सं."

दोन वर्षं म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिनंही लपवलं नाही. "अक्का हसीवती," ती म्हणाली. "तिच्याम्होरं बसलं की माझं काय खरं न्हाय. मागल्या खेपंला तिच्या सोप्यात, चार बायकांत, बसल्या जागी लुगडं भिजलं. त्या येळंला ठरीवलं, आता जायाचं न्हाय."

मला राग आला, आणि तो सगळा माझा मलाच. शाळेतल्या मुलींसाठी, कॉलेजच्या मुलींसाठी, शेतात भांगलायला जाणाऱ्या बायकांसाठी मी नक्ष्या काढत बसले आणि माझी आई दोन वर्षं लुगड्याच्या चिंध्या घेऊन, हसणं गिळून बसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी तिथंच तिच्या शेजारी बसले आणि थोडी रडलेही. आई म्हणाली, "तू कशाला रडतीस? तुझं काय गळतंय?"

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, घाबरायचं कारण नाही म्हणाल्या, रोज करायचे व्यायाम शिकवले आणि काही महिन्यांत फरक पडेल असं सांगितलं. बाळंतपणं झालेल्या पुष्कळ बायकांना हे होतं, असंही म्हणाल्या. आई बाहेर आल्या आल्या म्हणाली, "लई बायकांचं असतंय म्हनं. मग त्या लई बायका हाईत कुठं?"

पण काही महिने आमच्याकडे नव्हते. त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. नातवाला मुलगी झाली, महिन्यानं बारसं. आमच्या आजोळची रीत अशी की पाळण्याच्या एका बाजूला पणजी बसते आणि समोर तिची बहीण. आईनं नेहमीचं सुरू केलं, डोळा अजून कच्चा आहे, प्रवास झेपायचा नाही. पलीकडून मावशीचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. "येऊ नगंस. माझ्या मातीला ये, तवा तरी एस्टी झेपंल." आणि फोन बंद.

आईनं फोन खाली ठेवला. चेहऱ्यावर नेहमीचं हसू कुठंच नव्हतं. "अक्का तुटली माझी," असं म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं. मी त्याच क्षणी ठरवलं की आईला बारशाला न्यायचं, पाळण्यासमोर बसवायचं आणि कोरडी परत आणायची.

दुसऱ्या दिवशी आमचं सगळ्यात मोठं पॅड तिला आणून दिलं. त्यावरची नक्षी माझी लाडकी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या सरळ, समांतर खाचा. दुपारी आई न्हाणीतून बाहेर आली ती मान हलवतच. "ह्ये पोरीबाळींचं हाय," म्हणाली. "त्यांचं थेंब थेंब येतंय. माझं मोटर चालू केल्यागत येतंय. सगळं टोकाला पळालं अन् मागनं भाईर. मधलं बघ, वाळलेलंच."

मी तिला समजावायला लागले की खाचांचा उद्देशच ओल लांबवर पसरवण्याचा असतो. तिनं माझं ऐकून घेतलं नाही. परात ओढली, भिजवलेल्या कणकेचा गोळा त्यात थापला, अंगठ्यानं माझ्यासारख्याच लांब खाचा ओढल्या, परातीखाली एका बाजूला वाटी सरकवली आणि तांब्या ओतला. पाणी खाचांतून धावत गेलं आणि परातीच्या काठावरून माझ्या ओट्यावर.

"अशी लांब सरी पाडून पाणी सोडलं तर तुझ्या बानं मला रानातनं हाकललं असतं," ती म्हणाली. कणीक परत सपाट केली. पाणी पडतं तिथं तळहातानं एक पसरट खळगा केला. "मोटरंच्या तोंडाशी हौद लागतोय, न्हायतर माती धुपती." त्याच्या दोन्ही अंगांना तिनं आखूड सऱ्या पाडल्या, मध्ये मध्ये आडवे बांध घातले आणि प्रत्येक बांधाला एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूला वाट ठेवली. आमच्याकडे उसाच्या रानात चार-पाच सऱ्यांचा असा अडवलेला तुकडा असतो, त्याला वाकुरी म्हणतात. एक भरली की पाणी पुढच्या वाकुरीत वळवायचं. आईनं पुन्हा तांब्या ओतला. पाणी हौदात पडलं, थबकलं, वळलं, पुन्हा वळलं आणि काठापर्यंत पोचायच्या आत जागीच राहिलं.

"पान्याला वळवलं की ते थांबतंय," आई म्हणाली, "थांबलं की मुरतंय. ह्यात शिकायचं काय हाय?"

मी चार वर्षं कापडाचं शिक्षण घेतलं आहे. मी मुकाट्यानं परातीचा फोटो काढला. ती कणीक तिनं कोरडं पीठ घालून परत मळली आणि त्याच चपात्या आम्ही रात्री खाल्ल्या.

मालकीणबाईंना सांगितलं. त्या आधी म्हणाल्या, या वयाच्या बायका दुकानात जाऊन असलं मागतात का? मग जरा थांबून म्हणाल्या, करून बघ, हाताच्या प्रेसवर कर, मशीनचा रोलर नंतर बघू. फोटो घेऊन मी उद्यमनगरात गेले. मिस्त्रींनी सवयीप्रमाणे छताकडे बघत मोबाईल हातात घेतला. मग त्यांची नजर खाली आली. दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"ही वाकुरी हाय की! कुणी पाडलीया?"

"आमच्या आईनं."

"उतार कुठल्या अंगाला?"

"दोन्ही."

"मग हौद मधी पायजे. हाय, बरोबर हाय." आणि बारा वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या डोळ्यांत बघून तासभर पॅडबद्दल बोलला. ते मूळचे शेतकऱ्याच्या घरातले. बांधाची उंची, सरीची रुंदी, पाणी कुठं फोडायचं, सगळं बोलले. पॅड हा शब्द दोघांनीही उच्चारला नाही.

पाचव्या दिवशी पितळेचा ठसा आला. मी तो तापवून वरच्या थरावर दाबला, खाली लगदा आणि पाणी पिऊन फुगणारी भुकटी भरली आणि तिरक्या काचेवर ठेवून वर रंगीत मिठाचं पाणी एका दमात ओतलं. आमच्याकडे चाचणीला हेच पाणी वापरतात. एक थेंब खाली ओघळला नाही. मी नाचतच घरी गेले. आईनं ते घातलं, पाटावर बसली आणि लगेच उठली.

"ढेकळावर बसल्यागत हुतंय."

झालं होतं असं की मिस्त्रींनी बांध अगदी रानातल्यासारखा घातला होता. उंच, उभ्या कडांचा, पुरालाही दाद न देणारा. मी फोनवर सांगितलं तर ते दुखावले. बुटका केला तर बांध फुटेल म्हणाले. मी त्यांना पटवत होते तोवर आईनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"पावणं, बांध बुटका करा, पर रुंद करा. अन् कडा गोल मारा. ह्येच्यावर माणूस बसायचाय, म्हस न्हाय."

मला वाटलं, आता पुढची सहा वर्षं छत. पण मिस्त्री असे खदखदून हसले की आईनं फोन कानापासून लांब धरला. दुसरा ठसा तीन दिवसांत आला आणि त्यावर आई दुपारभर बसून तांदूळ निवडत होती, एकदाही न उठता.

चाचण्या झाल्या. खोकून झालं. फोडणीत मिरची टाकून शिंकून झालं. राहिलं हसणं. "खोकल्याचं पाणी येगळं, हसन्याचं येगळं," आई म्हणायची. "खोकल्याचं एकदाच येतंय. हसन्याचं थांबून थांबून, लोटावर लोट." मी तिला मोबाईलवरचे विनोद वाचून दाखवले. ती सहानुभूतीनं ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. तुझ्या इनोदाला कापूससुदिक लागायचा न्हाय." म्हणजे खरी परीक्षा कुरुंदवाडलाच होणार होती. सगळ्या नातेवाइकांसमोर, आणि तीही पाळण्याशेजारी बसून.

आई तयार झाली, पण त्या सकाळी एस्टीत तिनं माझा हात सोडला नाही. माझ्या पिशवीत आणखी सहा पॅड होती आणि एक जास्तीचं लुगडं. भीती मलाही होती. काच आणि मिठाचं पाणी खोटं बोलत नाही, पण मावशी म्हणजे मावशी.

मावशी दारातच उभी होती. बहिणीला बघून तिचा चेहरा क्षणभर हलला, मग तिनं तो सरळ केला आणि म्हणाली, "या पावणं, बसा." आमच्याकडे पावणं म्हणतात ते परक्याला. आईनं मान खाली घातली आणि एका कडेला जाऊन बसली. पाणी आलं, चहा आला, सगळ्यांशी सगळे बोलले, या दोघी सोडून.

मग पाळण्याशी बोलावणं आलं. रीत मोडता येत नाही, त्यामुळे दोघी समोरासमोर बसल्या. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालायची पद्धत असते. त्याला टोपडं बांधतात, काजळ लावतात आणि पाळण्याच्या खालून वरून एकीनं दुसरीच्या हातात द्यायचा. आईनं तो मावशीकडे दिला. मावशीनं हातात घेऊन वजन केलं, टोपड्यात डोकावून बघितलं आणि कोऱ्या चेहऱ्यानं म्हणाली, "डिक्टो बापावर गेलंय. डोकं तर त्योच दगड."

बाळाचा बाप तिथंच पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा होता. बायकांना हसू फुटलं. आईनं ओठ दाबून धरले आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हस म्हणून. खरं सांगते, त्या वेळी माझा माझ्या कामावर काडीचा विश्वास उरला नव्हता. आई हसली. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग सगळीच. दोन वर्षांचं साठलेलं हसणं होतं ते, लोटावर लोट आलं. पाळण्याच्या दांडीवर थापा मारत, ऑपरेशनचा डोळा पदरानं पुसत ती हसत राहिली. तिला बघून मावशीचा कोरा चेहरा मोडला आणि तीही सुटली. थोड्या वेळानं आईनं दम घेतला, जागेवरच जरा सरकली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. कोरडं! मला तिथंच ओरडावंसं वाटलं. इतका आनंद मला कुठल्याही ऑर्डरीनं कधी दिलेला नाही.

आणि मावशी मध्येच हसायची थांबली. "दूध ठेवलंया," असं काहीतरी पुटपुटली आणि उठून आत गेली. गुडघे जवळ, एका हातानं मागच्या निऱ्या धरून. आईचं हसू उतरलं. ते चालणं तिच्या ओळखीचं होतं. तिनं माझ्या खांद्यावरची पिशवी ओढली आणि बहिणीच्या मागोमाग गेली. मीही गेले, पण माजघराचं दार माझ्या तोंडावर लागलं.

आतून आईचा आवाज आला, "कवापासनं?"

"तीन वर्सं हुतील."

"मग सांगायचं की गं, अक्का."

"तू सांगितलंस व्हय?"

मग आई म्हणाली, "म्हनून माझा डोळा कापला तवा आली न्हाईस?"

"कशी येऊ? लेकीच्या घरात, जावयाम्होरं. तुझं त्वांड बघितलं की मला हसू येतंय. आज म्हटलं, घरचंच हाय, न्हाणी जवळ हाय."

मी दाराबाहेर उभी होते आणि मला हुंदका आवरत नव्हता. दोघी दोन वर्षं आपापल्या घरात रुसून बसल्या होत्या, दोघींच्या दोरीवर टॉवेलखाली त्याच घड्या वाळत होत्या आणि मला मात्र वाटत होतं की यांचं भांडण झालंय. पिशवी उघडल्याचा आवाज आला. आई समजावून सांगत होती, "ह्ये घे. मधी हौद हाय. दोन्ही अंगाला वाकुऱ्या पाडल्यात. बांध बुटका हाय, टोचायचा न्हाय."

"कशात वाकुरी?"

"घाल म्हंजे कळंल."

"ऊस लावायचा का काय त्यात?" मावशीनं विचारलं, आणि आत पुन्हा सुरू झालं. दोघींचं, एकदम, भिंती हलतील असं.

बाहेर पाळणा खोळंबला होता. बाळाची आत्या घाबरून आली आणि मला म्हणाली, "आत काय चाललंय? भांडतायत काय दोघी?" ती कडीला हात घालायला लागली. मी दाराला पाठ लावून घट्ट उभी राहिले आणि त्यांचं हसून होईपर्यंत कुणालाही आत जाऊ दिलं नाही.